डँट्रोलीन कालवायला सगळे हात लागले

पेशंट 70 किलोचा तरणा मुलगा, पायाच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन, सेवोफ्लुरेन या गॅसवर मी दिलेली भूल चाललेली. सगळं सुरळीत असताना मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइड चढायला लागला, 40 वरून 55, मग 70, व्हेंटिलेटर वाढवला तरी उतरेना, पल्स 140, हातपाय कडक. अंगात ताप म्हणावा तर नव्हताच अजून. मला शंका आली मॅलिग्नंट हायपरथर्मियाची, म्हणजे भुलेच्या गॅसमुळे काहींचे स्नायू आखडून अंग तापत जातं तो आजार; त्यात ताप बऱ्याचदा मागाहून चढतो, त्यामुळे तापाची वाट बघत बसायचंच नाही.

सेवोफ्लुरेन बंद, फुल्ल फ्लोवर 100 टक्के ऑक्सिजन, भूल शिरेतून द्यायच्या प्रोपोफॉलवर, आणि सर्जनना सांगितलं, सर मॅलिग्नंट हायपरथर्मिया वाटतोय, लवकर आवरा.

आता डँट्रोलीन. स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम एका दारातून सुटतच राहतं म्हणून स्नायू आखडून तापत राहतात, ते दार आवरणारं हे एकच औषध, बाकी सगळं परिणाम निस्तरायला. पण आमच्याकडे जुनी 20 मिलिग्रॅमची व्हायल (पावडरची छोटी बाटली), एकेकीत 60 मिली स्टराइल वॉटर घालायचं, सलाईन अजिबात नाही, आणि ती पावडर विरघळता विरघळत नाही हो! डोस किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे 175, म्हणजे 9 व्हायल, अर्धा लिटरच्या वर पाणी. मी व्हेंटिलेटर सोडू शकत नव्हते, म्हणून सिस्टर, टेक्निशियन दादा, शेजारच्या ओटीतली मंडळी सगळ्यांना हाक मारली, एकजण पाणी ओढतोय, दुसरा हलवतोय, तिसरा पिवळं झालेलं औषध माझ्या हातात देतोय. माझं ठाम मत आहे की व्हायल कपाटात असून भागत नाही, ती कालवायला माणसं कोण हे आधीच ठरलेलं पाहिजे.

मधल्या वेळात रक्तातलं पोटॅशियम 6.4 आलं, म्हणजे जास्त, हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-डेक्स्ट्रोज लावलं. पल्ससाठी कुणीतरी व्हेरापामिल काढायला गेलं तेव्हा मी जोरात ओरडले, डँट्रोलीनसोबत ते चालत नाही, पोटॅशियम आणखी चढून हृदय बंद पडू शकतं. तोवर ताप 39 सेल्सिअसच्या पुढे गेलेला, बर्फ लावला आणि 38 ला काढला.

पहिला डोस गेल्यावर कार्बन डायऑक्साइड हळूहळू उतरला, हात सैल पडले. पण हे परत उलटू शकतं, म्हणून आयसीयूत किलोला 1 मिलिग्रॅम दर 6 तासांनी चालू ठेवलं, स्नायूंची किती नासधूस झाली ते कळायला लघवीचा रंग आणि सीपीके ही रक्ततपासणी बघत राहिलो.

नंतर आईवडिलांना बसवून सगळं सांगितलं, हे घराण्यात असू शकतं. तेव्हा कळलं की त्याच्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं आहे. त्याच्या भूलतज्ज्ञाला मी तिथूनच फोन लावला, भुलेचा गॅस नको, स्कोलिन नको (स्नायू सैल करायचं इंजेक्शन, त्यानेही हे सुरू होऊ शकतं).