टियर फोर अपडेट: पंख का फाकत होता ते सापडलं, आता मागचा डबा नव्याने

माझ्या अमेरिकन डिझेल रेल्वे इंजिनाच्या एचओ (१:८७) मॉडेलवर क्लिअर कोट मारून झाला होता, डेकल (नंबर-चिन्हांची चिकटचित्रं) बसली होती, आणि मागच्या रेडिएटर डब्याच्या डाव्या पंखाखाली, म्हणजे बाजूला बाहेर आलेल्या भागाखाली, रंगाला मसुराच्या दाण्याएवढा फोड आला. टूथपिकने टोचला तर आतून चिकट, पिवळसर थेंब निघाला. ज्यांनी थ्री-डी प्रिंटिंगचं रेझिन हाताळलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. तरी सांगतोच, कारण मागच्या अपडेटांमध्ये 'पंख फाकतोय, पंख फाकतोय' म्हणून मी जो गळा काढला होता, त्याचं मूळ इथंच निघालं.

तेव्हाची स्थिती अशी होती: ईएस४४एसी या आधीच्या इंजिनाचं शेल (वरचं कवच) अर्ध्यावर कापलेलं, पुढची कॅब आणि हूड तसंच ठेवलेलं, आणि मागे टियर फोरचा (टियर म्हणजे अमेरिकेच्या इंजिन-धुराच्या नियमांची पातळी) रेडिएटर डबा प्रिंट करून चढवलेला. म्हणजे झाली ईटी४४एसी. तयार मॉडेल मिळतं, मान्य. स्केलट्रेन्स कंपनीचं काम बघून हात जोडावेसे वाटतात. पण त्याची किंमत, वर कुरियर, वर कस्टम ड्यूटी एवढं सगळं मोजलं की घरी कशी लपवायची हा वेगळाच प्रकल्प होतो. अॅथर्न कंपनीचं जुनं चॅसिस माझ्याकडे पडून होतंच.

आणि हो, 'मढौऱ्याची आपली डब्ल्यूडीजी-४जी सोडून हे परदेशी खूळ कशाला' असं विचारणाऱ्या दादा लोकांना परत एकदा: ती भारतीय रेल्वेची मालगाडीची डिझेल याच घराण्यातली आहे, माझं तिच्याशी वैर नाही. पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओमध्ये तो १९.२ मिमी व्हायला हवा, आणि रूळ मिळतात १६.५चे. १४३५ला ८७ने भागलं की बरोब्बर १६.५ येतात. मला समोरून बघताना चाकं आत ओढलेली दिसली की रात्री झोप लागत नाही. ज्यांना लागते त्यांनी खुशाल बनवावी, मी कौतुकाने बघेन.

आता डब्याकडे. हा मागचा भाग एवढा का छळतो, तर मुळात या घराण्याचं सगळं वैशिष्ट्यच तिथं साठलंय. टियर टूचे नियम २००५पासून लागू होणार म्हणून जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीने इव्होल्यूशन ही इंजिनांची मालिका आणली. आधीच्या सोळा सिलिंडरच्या एफडीएलचे ४४०० अश्वशक्ती बारा सिलिंडरच्या जीईव्होतून काढले, आणि टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करायला हवेवरच चालणारा कूलर घातला. त्यामुळे आधीच्या डॅश नाइन गाडीपेक्षा मागचे पंख जाड झाले. मग २०१५ला टियर फोर आलं. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ५.५ ग्रॅमवरून थेट १.३वर, तीही दर अश्वशक्ती-तासाला. काजळी ०.०३. धूर स्वच्छ करायला युरियाची टाकी न लावता हे जमवायचं म्हणून जीईने एक्झॉस्टचा काही भाग थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडला. ज्वलनाचं तापमान उतरलं, नायट्रोजन ऑक्साइड घटले. पण एक्झॉस्ट थंड करताना जी उष्णता पाण्यात आली ती कुठे जाणार? रेडिएटरमध्ये. म्हणून डबा आणखी फुगला आणि इंजिनावरच्या छपरालाही उंचवटा आला.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, लोको पायलट म्हणून रिटायर झालेले, उमेदीची वर्षं अल्कोच्या जुन्या डिझेलवर गेली. त्यांना हे समजावत होतो. ते म्हणाले, "म्हणजे आपलाच धूर आपणच गिळायचा?" मी म्हटलं, "गार करून, काका." "मग आमच्या अल्कोला काहून नाही शिकवलं हे? आम्ही अर्धं आयुष्य काळ्या तोंडाने घरी आलो ना बाप्पा." मग मॉडेल हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि माझ्याआधी त्यांनीच विचारलं, "हा डावा कान खाली का पडलाय?"

तर तो कान. व्हर्नियरने मोजलं तेव्हा पंखाचं टोक ०.७ मिमी बाहेर आणि तेवढंच खाली. ऐकायला काहीच नाही, पण खऱ्या गाडीवर ते सहा सेंटिमीटर होतात. बाजूने बघा, वरून बघा, दिसतंच.

माझा पहिला संशय अर्थातच उन्हावर. नवतपा चालू, वरची खोली, पश्चिमेची भिंत. साधं रेझिन पन्नास-साठ डिग्रीला नरम पडायला लागतं, आणि बंद काचेच्या कपाटात दुपारी तेवढं होत असणार असं वाटलं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आत ठेवला, पारा ४६च्या वर गेला नाही. शिवाय ऊन दोष असतं तर उजवा पंख का शाबूत? कपाटात मॉडेल उलट्या तोंडाने ठेवलं, की आता उजवा भिंतीकडे. तरी डावाच खाली जात राहिला. गरम पाण्यात धरून सरळ केला, सपाट काचेखाली दाबून ठेवला. दोन दिवस छान, मग परत जैसे थे. एका दादाने सुचवलं की चॅसिसचा मागचा स्क्रू शेलला ओढत असेल. स्क्रू काढून ठेवला, फरक शून्य.

फोड आल्यावर मात्र दुसरा मार्गच उरला नाही. रेझर सॉ घेतली आणि रंगवलेला, नंबर लावलेला डबा मधोमध आडवा कापला. कापताना काय वाटलं ते लिहीत नाही.

आत पोकळी! प्रिंटची फाइल भरीव होती, मी स्वतः बघून दिली होती. भिंत जेमतेम दीड मिमी, मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, आणि त्या जाळीच्या डाव्या कोपऱ्यात कच्चं रेझिन साचलेलं. निचऱ्याला एकही भोक नाही. ज्यांच्याकडून प्रिंट करून आणला त्यांनी रेझिन वाचवायला सॉफ्टवेअरमध्ये पोकळ करायचं बटण दाबलं, विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि पैसे भरीवचे घेतले. फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, सगळ्यांना तसंच देतो, कुणी तक्रार नाही केली." कोण ते लिहीत नाही. तुम्ही बाहेरून प्रिंट करून घेत असाल तर एवढंच करा: हातात घेतल्या घेतल्या वजन करा. फाइलमधून घनफळ मिळतं, रेझिनची घनता साधारण १.१ धरा, गुणाकार करा. आकडा फारच कमी आला तर तिथंच दुकानात विचारा, नंतर नाही.

बाकी कोडं मग आपोआप सुटलं. रेझिन अतिनील उजेडात पक्कं होतं. यूव्हीच्या डब्यात बाहेरची भिंत पक्की झाली, आत उजेड पोहोचलाच नाही. कच्चं रेझिन आतल्या बाजूने भिंतीत मुरत राहिलं, ती बाजू मऊ पडली, बाहेरची कडक राहिली. दोन्ही बाजूंची ओढाताण सुरू, आणि सगळ्यात पातळ जागा म्हणजे पंखाचं मूळ, तिथून वाकणं सुरू. उष्णतेने वेग वाढवला एवढंच. प्रिंट बहुधा डावीकडे तिरका उभा केला असणार, म्हणून साठा त्या कोपऱ्यात.

वाचवायचा प्रयत्न केला. भोकं पाडली, सिरिंजने आयसोप्रोपिल सोडून धुतलं, बारीक यूव्ही एलईडी आत सरकवून तासभर पेटता ठेवला. चिकटपणा गेला. पण पंखाने घेतलेला आकार घेतलाच. मग ठरवलं, रेझिन बास. मागचा डबा स्टायरीनच्या प्लास्टिक शीटमध्ये.

स्टायरीनला सत्तर-ऐंशी डिग्रीपर्यंत फारशी चिंता नाही, नागपूरला ते पुरेसं आहे. निदान अजून तरी. एव्हरग्रीन कंपनीची शीट संपली होती, तेव्हा सीताबर्डीत साइनबोर्डवाल्यांकडे चौकशी केली. तिथे 'सनबोर्ड' हातात देतात, तो फोमचा, आपल्या कामाचा नाही. एचआयपीएस (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन) म्हणून मागायचं. १ मिमी आणि ०.५ मिमी दोन्ही मिळाली, कातरण म्हणून जवळपास फुकट. खात्री करायला तुकड्यावर टॅमिया एक्स्ट्रा थिन या गोंदाचा एक थेंब सोडा. पृष्ठभाग मऊ होऊन चकाकला आणि दोन तुकडे वितळून एकजीव झाले तर माल बरोबर. या बाटलीवर माझी इतकी श्रद्धा आहे की झाकण सैल राहिलं तर मला घरातल्या कुणापेक्षा जास्त वाईट वाटतं.

बांधणी अशी: मधली पेटी १ मिमीची, तिच्यात दोन आडव्या भिंती. पंख ०.५चे, दोन थर चिकटवून, आणि दोन थरांच्या मधे पितळी पट्टी, या पंखापासून त्या पंखापर्यंत अखंड. पट्टी आधी मॅचस्टिकएवढ्या जाडीची घेतली होती, ती बाहेरून फुगवटा दाखवत होती. मग ०.३ मिमीची पातळ घेतली, ती बेमालूम बसली. जुना कापलेला डबा फेकला नाही, कापलेल्या अर्ध्यावर टेकवून कोन मोजायला तो उत्तम साचा ठरला. फाइल चांगलीच होती, दोष तिचा नव्हता.

काल रात्री पंखाखालचा तिरपा भाग बसला आणि पहिल्यांदा दोन्ही टोकं काचेवर एकाच वेळी टेकली. मी पट्टी लावली, उजेडात धरली, फट नाही. मग उगाचच अजून चारपाच वेळा धरली.

पेटी पोकळ बघून डोक्यात एक गोष्ट आली, आणि त्यामुळे सगळा प्लॅन हलला. खऱ्या गाडीत पंखे खाली आणि रेडिएटर वर असतात. हवा बाजूच्या जाळ्यांमधून आत येते आणि छपरातून वर निघते. म्हणजे माझ्या डब्याचं छप्पर तसंही उघडी जाळी आहे. मग इंजिनाच्या आवाजाचा स्पीकर इंधनाच्या टाकीत कशाला कोंबायचा? शुगर क्यूब (चिमुकला चौकोनी) स्पीकर इथेच, तोंड वर, मागे बंद पेटी. स्पीकरची मागची बाजू बंद नसेल तर पुढची आणि मागची लहर एकमेकींना मारतात आणि जीईव्होचा तो खालचा, जड 'धब-धब' गायब होतो, उरते पिठाची गिरणी. त्यासाठी आडव्या भिंतींपैकी एक उखडून ३ मिमी पुढे सरकवली. लोकसाउंड डिकोडरमध्ये (मोटर आणि आवाज चालवणारं सर्किट) आवाजाची फाइल आधीच आहे. अजून तारा पक्क्या जोडल्या नाहीत, पण रिकाम्या पेटीवर स्पीकर नुसता दाबून धरून ऐकलं, आणि टाकीतल्यापेक्षा फरक स्वच्छ कळतो.

आता जाळी. इतवारीत पितळी जाळी मिळते, पण आकार गाळणीचा, एचओला फार जाड. चहाच्या नायलॉन गाळणीची जाळी बारीक आहे, रंग मारला की डोळे बुजतात. एच केलेली (रसायनाने कोरलेली) पितळी जाळी हाच खरा उपाय दिसतोय. स्पीकर वर आल्याने ती उघडी राहणं आता सक्तीचं झालंय.

रंगाबद्दल थोडं, कारण इथल्या सगळ्यांचं हेच दुखणं आहे. खोलीतला कूलर चालू ठेवून लॅकर मारला तर ओलाव्याने पांढरी झाक येते. सीए ग्लूचीही (सुपरग्लू) तीच गत, बोटाभोवती पांढरं धुकं. कूलर बंद ठेवला तर हवा इतकी कोरडी की एअरब्रशमधून निघालेला रंग वाटेतच वाळतो आणि शेलवर रव्यासारखा बसतो. पहाटे कूलर बंद करून, रंगात रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घालून, उजाडायच्या आत मारायचा. दुसरा इलाज मला सापडला नाही. एसी असलेल्यांनी कृपया सल्ला देऊ नये.

तर प्लॅन बदलला तो असा. पुढच्या ट्रकचा (ट्रक म्हणजे तीन अॅक्सलची बोगी) मधला अॅक्सल मागच्या उन्हाळ्यापासून कुरकुरतोय, गिअरला बारीक तडा आहे आणि सुट्टा गिअर मिळेना. म्हटलं, बदलायचाच कशाला? बीएनएसएफ या अमेरिकन रेल्वे कंपनीने ईटी४४सी४ घेतल्यात, त्यांच्या प्रत्येक ट्रकचा मधला अॅक्सल बिनमोटरचाच असतो. दोन्ही ट्रकचे मधले गिअर काढले की माझी गाडी कागदोपत्री शुद्ध. ओढ थोडी कमी होईल, पण स्पीकर मागे गेल्याने टाकीत जागा झाली, तिथे शिसं भरता येईल. ट्रकच्या बाजूला ते छोटे हवेचे सिलिंडर मात्र लावावे लागतील, निघताना मधल्या अॅक्सलचं वजन बाजूच्या दोघांवर ढकलणारे. ०.८ मिमीच्या स्टायरीन रॉडमधून होतील बहुतेक.

याचा अर्थ आधीचा नंबर आणि सगळी डेकल गेलीच, ती तशीही कापलेल्या डब्यावर होती. बीएनएसएफचा नारिंगी पुन्हा मिसळावा लागेल. मागच्या वेळी टॅमियाचा पिवळा आणि लाल घालून जे झालं त्याला काकांनी 'मृग बहार' म्हटलं होतं, हवाय आंबिया (संत्र्याचे दोन बहार). आणखी एक, नवीन आडवी भिंत पुढे सरकल्याने डिकोडरची जागा जाते की काय अशी शंका आत्ता लिहिता लिहिता आली. उठून मोजलं: ४ मिमी उरतात, डिकोडर आडवा बसेल, उभा नाही. म्हणजे तारा मागून न घेता बाजूने घ्याव्या लागतील.

कुणाकडे एच केलेल्या पितळी जाळीचा तुकडा उरला असेल, साधारण ४० बाय ३० मिमीचा, चौकोनी डोळ्याचा, तर सांगा. बदल्यात एचआयपीएसची कातरण पाहिजे तेवढी देतो, आणि ईएस४४चा मूळ रेडिएटर डबाही, तो आता मला लागणार नाही.