वीस लिटर पेल एल: हॉप्स नंतर, आधी तापमान

घरी बिअर करायला लागलेला माणूस सगळा वेळ हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) नावांत घालवतो. सिट्रा घ्यावं की मोझेक, कधी टाकावं, किती टाकावं. पण बिअर बिघडते ती बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: यीस्ट टाकल्यानंतरचे पहिले तीन दिवस आणि बाटली भरण्याची संध्याकाळ. त्यामुळे इथे पेल एल या फिकट रंगाच्या बिअरची रेसिपी थोडक्यात आणि ही दोन ठिकाणं सविस्तर.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं त्यात बसत नाही, स्वतःपुरती असली तरी. म्हणजे हे सगळं ब्रिटन-अमेरिकेसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७९ पासून केंद्रीय कायद्याने घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन चालतात. राज्याचा नियम मात्र वेगळा तपासायचा. मित्रांना पाजा, विकायला जाऊ नका.

वीस लिटरसाठी ४.२ किलो पेल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली), ३०० ग्रॅम मध्यम रंगाचं क्रिस्टल माल्ट, हॉप्समध्ये २० ग्रॅम मॅग्नम आणि ८० ग्रॅम कॅस्केड, आणि यूएस-०५ या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. भांडं ३५ ते ४० लिटरचं हवं, आणि त्यात बसणारी बारीक जाळीची नायलॉन पिशवी. माल्ट दुकानातूनच भरडून घ्या आणि दोनदा भरडायला सांगा. पिशवीच्या पद्धतीत बारीक भरड चालते. भरड जाड राहिली तर साखर दाण्यातच अडकते आणि बिअर पाणचट होते. नवशिक्यांची ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी द्रवाची घनता) कमी येते त्याचं पहिलं कारण हेच.

पाणी २८ लिटर. माल्टचा चोथा साडेतीन-चार लिटर पिऊन टाकतो, तासाभराच्या उकळीत तीन-चार लिटर उडतं, तळाशी गाळ राहतो, उरतात वीस. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामीन असतंच. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामीन चिवट. अर्धी कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी चुरून टाकली की दोन्ही मिटतात. गोळी टाळली तर बिअरला दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास येऊ शकतो, आणि तो कितीही मुरवली तरी जात नाही.

पाणी ७० अंशांवर आणून त्यात लावलेल्या पिशवीत माल्ट सोडलं की तापमान ६६-६७ वर येतं. गुठळ्या फोडा, झाकण ठेवा, वर जुनी रजई गुंडाळा, तासभर हात लावू नका. इथे एक-दोन अंशांनी फरक पडतो. ६४ च्या आसपास बिअर कोरडी होते, ६९ ला अंगाने जाड आणि गोडसर. ७० च्या वर गेलात तर यीस्टला न पचणाऱ्या साखरा जास्त तयार होतात. हे आत्ता लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तासाने पिशवी उचलून चक्का टांगतो तशी भांड्यावर टांगायची आणि दाबून पिळायची. पिळल्याने बिअर तुरट होते असं अजूनही कुणी कुणी सांगतं. तुरटपणा येतो तो ७७-७८ च्या वरच्या तापमानात, पाण्याचा पीएच चढल्यावर, पिळण्याने नाही. (चोथ्याचं थालीपीठ करायचा मोह होतो. होतं, पण टरफलं दातांत अडकतात.)

खाली राहिलेला गोड काढा म्हणजे वर्ट. उकळी फुटते त्या क्षणी फेस एकदम वर येतो. तेव्हा गॅसपासून हलू नका. थंड पाण्याचा फवारा जवळ ठेवा. फेस बसला की मॅग्नम टाकून ६० मिनिटं मोजा. झाकण उघडंच ठेवायचं, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास आतच राहतो. संपायला दहा मिनिटं असताना ३० ग्रॅम कॅस्केड, आणि गॅस बंद करून वर्ट ८० अंशांवर आला की उरलेलं ५० ग्रॅम वीस मिनिटांसाठी. थंड बिअरमध्ये हॉप्स टाकायची हौस पहिल्या बॅचला नको. फर्मेंटर (बिअर आंबवायचं झाकणाचं भांडं) जितक्या वेळा उघडाल तितकी हवा आत जाते. वापरलेले हॉप्स कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत असे टाका, त्याला ते जिवावर बेततात.

उकळीनंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू जंतुमुक्त हवी. आधी स्वच्छ धुवा, मग सॅनिटायझर. मळकट प्लास्टिकवर सॅनिटायझर काही करू शकत नाही. स्टार सॅन हे सॅनिटायझर लिटरला साधारण दीड मिलि, एक-दोन मिनिटं ओलं ठेवायचं, धुवायचं नाही. फेस राहिला तरी राहू दे. ब्लीच नको: स्टीलला खातं, आणि जरा जरी राहिलं तरी तोच दवाखान्याचा वास.

आता मुख्य गोष्ट. आतून नळाचं पाणी फिरवलेल्या तांब्याच्या कॉइलने वर्ट १८ अंशांपर्यंत गार करा. उन्हाळ्यात नळाचंच पाणी २४ अंश असतं, कॉइल त्याखाली नेऊ शकत नाही. मग वर्ट फर्मेंटरमध्ये ओता, झाकण लावून रात्रभर थंड जागी ठेवा आणि यीस्ट सकाळी टाका. सगळं निर्जंतुक असेल तर एका रात्रीने काही बिघडत नाही. २८ अंशांच्या वर्टमध्ये घाईने टाकलेलं यीस्ट मात्र बिघडवतं. कोरड्या यीस्टला आधी भिजवायची किंवा वर्ट घुसळून हवा द्यायची फारशी गरज नसते. पाकिटावरची तारीख तेवढी बघा.

खोली २० अंश आहे म्हणून बिअर २० अंशांवर आहे, असं समजू नका. यीस्ट जोरात आलं की स्वतःच उष्णता सोडतं आणि आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी चढतं. २४-२५ वर सुरुवात झाली की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास आणि घशाला जाळणारी चढी अल्कोहोलं येतात; तीच डोकं धरायला लावतात असं पिणारे म्हणतात. यीस्टची वाढ पहिल्या ७२ तासांत होते आणि चव तिथेच ठरते. चौथ्या दिवशी गार करून उपयोग शून्य.

स्वस्तातला उपाय म्हणजे मोठ्या टबात पाणी, त्यात फर्मेंटर, वरून ओला टी-शर्ट, समोर पंखा. टबात सकाळ-संध्याकाळ बर्फाची एक-एक लिटरची बाटली बदलायची. एवढ्या पाण्यामुळे तापमान एकदम वर-खाली होत नाही. जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक असेल तर उत्तम, पण त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. फर्मेंटरच्या अंगाला चिकटवा आणि वर फोमचा तुकडा बांधा. हवा मोजणारा सेन्सर फ्रिज गार झाला म्हणून खूश असतो, आत बिअर तापलेली असते. तीन-चार दिवस १८-१९ वर धरा, फेस खाली बसायला लागला की २१ वर जाऊ द्या. त्यात यीस्ट लोण्यासारखा वास स्वतःच साफ करतं. हिरव्या सफरचंदाचा वास येत असेल तर बिअर अजून कच्ची आहे, थांबा.

एअरलॉकचे (गॅस बाहेर सोडणाऱ्या, हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीचे) बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं, हे खोटं. झाकण किंचित सैल असलं तरी बुडबुडे दिसत नाहीत. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती नळी) वापरा. सुरुवातीला १.०४८ च्या आसपास आणि शेवटी १.०१० ते १.०१२, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. नमुना २० अंशांवर आणा, हलवून गॅस काढा, मग वाचा. ४८ तासांच्या अंतराने तोच आकडा दोनदा आला तरच बाटलीचा विचार. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून साखर मोजणारं यंत्र) अल्कोहोल आल्यावर चुकीचा आकडा देतो, त्याला गणित लावावं लागतं. १.०२० वर अडकली असेल तर २१ अंशांवर नेऊन फर्मेंटर हळूच गोल फिरवा. आठवड्यात हललं नाही, तर मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट) ७० च्या वर गेला होता का ते आठवा. तसं असेल तर ती बिअर तेवढीच गोड राहणार.

गॅस धरण्यासाठी बाटलीत घालायची साखर वजनावर मोजा, चमच्याने नाही. २० अंशांवर आंबलेल्या २० लिटर बिअरला साधी साखर ११५ ते १२० ग्रॅम. पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करा, निर्जंतुक बादलीत ओता आणि त्यावर बिअर सायफनने, नळीचं तोंड तळाशी ठेवून, आवाज न करता सोडा. खळखळ झाली की हवा मिसळते आणि महिन्याभरात बिअर काळपटते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. हळूच ढवळायचं मात्र, नाहीतर वरच्या बाटल्या सपक आणि खालच्या फुटायच्या बेतात. फिरवून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या घेऊ नका, त्यांच्यावर क्राउन कॅप (दाबून बसवायचं पत्र्याचं झाकण) नीट बसत नाही. तपकिरी काच घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत उन्हाने घाण वास धरतो.

एक बाटली प्लास्टिकची भरा. रोज दाबून बघायची. दगडासारखी घट्ट झाली की बाकीच्यांतही गॅस धरला. २० अंशांवर साधारण दोन आठवडे लागतात. त्याआधीच ती फुगून ताठ झाली, किंवा उघडलेली बाटली कारंजासारखी उडाली, तर बिअर पुरती आंबायच्या आत भरली गेली, साखर जास्त झाली किंवा जंतू शिरले. अशा बाटल्या जाड टॉवेलमध्ये धरून ताबडतोब फ्रिजमध्ये टाका, दोन दिवस गार होऊ द्या, मग हातमोजे आणि चष्मा घालून सिंकवर एकेक झाकण किंचित उचला, गॅस जाऊ द्या आणि नवं झाकण लावा.