लोकेशन टाका की!

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या रानातला लाजवंतीचा फोटो कुणाला दाखवला की मिनिटाभरात विचारणा येते, "नेमकी कुठं दिसली वो? लोकेशन टाका की!" मी टाकत नाही. शिष्ट म्हणा हवं तर. पण इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा सांगून टाकतो.

लाजवंती म्हणजे जेमतेम पाव किलोचं, बिनशेपटीचं जनावर. इंग्रजीत लोरिस, कन्नडमध्ये काडुपापा, म्हणजे रानातलं बाळ. (नाव ठेवावं तर कन्नडिगांनी!) दिवसभर पानांच्या गर्दीत अंगाचं मुटकुळं करून झोपायचं, रात्री किडे-मुंग्या खात हिंडायचं. बॅटरीला लाल कागद लावून फांद्या न्याहाळल्या तर दोन तांबूस ठिपके चमकतात. डोळेच ते. त्या रात्री ती हाताला-पायाला स्वतःची लघवी चोळत बसली होती. मग एक हात पुढं, फांदी घट्ट धरली, तेव्हा कुठं मागचा पाय सुटला. वीतभर जायला तिनं इतका वेळ घेतला की माझी मान दुखायला लागली.

ती उडी मारत नाही. सगळी गोम इथंच आहे. फांदीला फांदी टेकलेली असेल तरच तिला वाट. ज्यांच्या बांधावर मला ती दिसली, त्या मामांच्या शेजाऱ्यानं मधली दोन किंजळाची झाडं तोडून काजू लावला. मामा म्हणाले, "एवढंसंच तर अंतर हाय, उडी मारंना व्हय?" नाही मारत. मग जमिनीवर उतरायचं, तिथं कुत्री आणि रस्ता. नाहीतर विजेची तार धरायची.

इथलं भीमगड अभयारण्य 2011 साली झालं, चांगलंच झालं. पण मालकी रानातल्या झाडांना त्या हद्दीचा काय उपयोग? तमिळनाडूनं 2022 मध्ये कडवूरला खास लोरिससाठी अभयारण्य केलं. आपल्याकडं अजून 'वाघ हाय काय?' हाच पहिला प्रश्न.

आणि वाघासारखं हिला पळताही येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे, तरी करणी-भानामतीसाठी आणि डोळ्यांच्या 'औषधा'साठी हिला धरणारे आहेत. त्यांना फार काही लागत नाही, एक झाड कळलं की पुरे. हौशी फोटोवाले तसे निरुपद्रवी, पण पांढरे झोत घेऊन दहा जण आले की ती तोंड लपवून तासभर तशीच बसते, आणि तिची रात्र उपाशी जाते.

म्हणून पत्ता मागू नका. फोटोच्या कडेला विजेचा खांब येतो, तोही मी कापून टाकतो. खांबावर नंबर असतो.