नात्वारचा चित्रकलेचा वर्ग, मुक्काम सॉमरसेट हाउस

लंडनच्या स्ट्रँडवरून सॉमरसेट हाउसच्या कमानीत शिरलं की कोर्टोल्ड गॅलरीचं दार लगेच लागतं. बहुतेक लोक तडक वर जातात, व्हॅन गॉग बघायला. मला आधी पाहायचं होतं अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार शार्ल-जोसेफ नात्वार याचं १७४६ सालचं एक चित्र. कागदावरची कामं उजेडाने विटतात, म्हणून ती कायम भिंतीवर टांगत नाहीत. आधी वेळ ठरवून अभ्यासिकेत बघावी लागतात. तेच बरं. टेबलाशी बसून निवांत बघता येतं.

चित्र लहानच, साधारण ४५ बाय ३२ सेंटिमीटर. काळा खडू, शाई आणि त्यावर जलरंग. विषय पॅरिसच्या रॉयल अकादमीतला, म्हणजे राजाश्रयाखालच्या कलासंस्थेतला, चित्रवर्ग. मधोमध चौथऱ्यावर दोन नग्न पुरुष मॉडेल, भोवती मांडीवर पाट्या घेतलेली मुलं, खाली डावीकडे लाल झग्यात खुद्द नात्वार एकाचं रेखाटन तपासतोय. वर उंच भिंतीवर चित्रांची गर्दी, आणि फार्नेस हर्क्युलिस, मेदिची व्हीनस अशा प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती. शिकणाऱ्यांत बाई नाही, कारण मुलींना इथे प्रवेशच नव्हता. बाई आहे ती प्लास्टरची.

पहिल्या नजरेला वाटतं, लूव्रमधल्या (अकादमी तेव्हा तिथेच होती) खऱ्या वर्गात बसून काढलंय. पण असा वर्ग प्रत्यक्षात नव्हता. नात्वारने अकादमीला जे जे वंदनीय, ते सगळं एका छताखाली आणून बसवलंय. साधारण याच सुमारास राजाच्या बांधकाम खात्यावर (कलेचा कारभारही याच खात्याकडे) नवा अधिकारी आला होता आणि इतिहासचित्रांना, म्हणजे इतिहास-पुराणांतल्या प्रसंगांच्या चित्रांना, पुन्हा चांगले दिवस आणायचं घाटत होतं. माझ्या मते हे चित्र म्हणजे देखणी जाहिरात आहे: ‘आमच्याकडे या, घडाल.’ देवदेवता नाहीत, पंखवाली कीर्तिदेवता नाही, तरी हे रूपकच.

घडण्याचा क्रम ठरलेला होता. आधी दुसऱ्यांची रेखाटनं गिरवायची, मग प्लास्टरचे पुतळे, आणि हात तयार झाला की जिवंत मॉडेल. मॉडेलला ‘पोझ’ देण्याची पाळी दर महिन्याला वेगळ्या प्राध्यापकाची. अकादमी १६४८ ची, आणि हा वर्ग ही तिची मक्तेदारी. त्यातून रोमची शिष्यवृत्ती मिळवायची. नात्वारने ती १७२१ मध्ये मिळवली होती; पुढे १७५१ पासून तो रोममधल्या फ्रेंच अकादमीचा संचालकच झाला.

या चित्रात नाही ते त्याच काळातला चित्रकार शार्दां याने सांगितलंय. १७६५ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनावर लिहिताना लेखक दिदरोने त्याचं म्हणणं टिपलं आहे: सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात खडू देतात, मग डोळे, नाकं, कान, हात, पाय; वर्षानुवर्षं पाठ वाकवून बसायचं; आणि ती मेदिची व्हीनस, तो ग्लॅडिएटर यांच्यासमोर किती अश्रू गळलेत ते तुम्ही पाहिलेलं नाही. नात्वारच्या वर्गात कुणीच रडत नाही. खोडरबर वारंवार चालवत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या कुणालाही शार्दां जास्त खरा वाटेल.

आपल्याकडे, म्हणजे मुंबईच्या जे. जे.त (स्थापना १८५७), प्लास्टरचे ग्रीक पुतळे आणि हीच गिरवण्याची शिस्त इंग्रजांमार्फत पोचली. नग्न मॉडेलचा वर्ग मात्र पहिल्या महायुद्धानंतर, तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत.

मग जिने चढून वर गेलो. चढ चांगलाच आहे, गुडघे सांभाळा. इंग्रजांनी फ्रेंचांचं बघून काढलेली त्यांची रॉयल अकादमी १७८० पासून पन्नासेक वर्षं याच इमारतीत होती, आणि तिची वार्षिक प्रदर्शनं वरच्या ग्रेट रूममध्ये भरत. दारावर ग्रीकमध्ये लिहिलंय की कलेची जाण नसलेल्याने आत येऊ नये. आज त्याच खोलीत अकादम्यांशी फटकून राहिलेले एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच चित्रकार, इम्प्रेशनिस्ट, टांगलेत. एदुआर माने त्यांच्या जवळचा, त्याच्या चित्रातली बारमधली ती शून्यात बघणारी मुलगी इथेच आहे. तोही तरुणपणी चित्रकार तोमा कूत्युरच्या स्टुडिओत सहाएक वर्षं मॉडेल गिरवत होताच.