आज एवढंच पुरे

चांगला प्रशिक्षक ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. खेळाडू ऐन रंगात असताना तो ‘आज एवढंच पुरे’ म्हणू शकतो का? दमलेल्याला काय, कुणीही बस म्हणेल. पण पाय हलके पडताहेत, धाप लागलेली नाही, स्टॉपवॉचवरचे आकडे मनासारखे येताहेत, अशा वेळी बूट काढायला लावायला छाती लागते. खेळाडू तोंडावर ‘हो सर’ म्हणतो आणि मनातल्या मनात सरांचा उद्धार करतो. करू दे.

कारण शरीर सगळं एकदम सुधारत नाही. नियमित पळायला लागलं की काही आठवड्यांतच दम वाढतो, मागोमाग स्नायूही साथ देऊ लागतात. कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांचं, काम मात्र सावकाश. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या महिनोन् महिने घेतात. हाडांची तर आणखी गंमत. वाढत्या ताणाला तयार होताना हाड आधी आपलाच जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. मधल्या काळात ते पहिल्यापेक्षा कच्चं असतं. म्हणजे नवशिक्याला ‘आता जमायला लागलं’ असं वाटत असतं, नेमकी तेव्हाच त्याची नडगी नाजूक झालेली असू शकते. हाडाला बारीक चीर जाते ती बहुतेकदा अशाच उत्साहाच्या भरात. हे पळणाऱ्याला आतून कळत नाही. दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून त्याच्या वाटचा धीर दुसऱ्या कुणीतरी धरावा लागतो.

सल्ला देणाऱ्यांची मैदानावर टंचाई कधीच नसते. गुडघा उचल, खांदे सोड, मान सरळ, हात जोरात मार. एका उडीमागे पाच सूचना. ऐकणारा बिचारा पळायचंच विसरतो. लांब उडीच्या धावपट्टीशी जरा वेळ उभं राहून बघा. जाणता कोच बाजूला उकिडवा बसलेला असतो आणि त्याची नजर फक्त उडी जिथून घ्यायची त्या फळीवर असते. पोराचं पाऊल बोटभर पुढे पडतं. फाऊल. पोरगा म्हणतो, शेवटी वेग कमी करतो. कोच म्हणतो, वेगाला हात लावू नकोस, सुरुवात थोडी मागे ने. खुणेची चिकटपट्टी उचलून मागे लावली जाते. पुढच्या खेपेला हात हवेत भलतीकडेच गेलेले असतात, ते कोचला दिसलेलं असतंच. पण तो बोलत नाही. हातांचं नंतर बघू. दिसलेलं सगळं न सांगणं ही मला तरी मोठी विद्या वाटते.

बांबूउडीतला सर्गेई बुबका लहानपणापासून विताली पेत्रोव्ह यांच्या हाताखाली घडला. मोकळ्या मैदानावरचा त्याचा पहिला विश्वविक्रम १९८४ मधला, ५.८५ मीटरचा, शेवटचा १९९४ मधला, ६.१४ मीटरचा. दहा वर्षांत १७ विक्रम आणि वाढ २९ सेंटीमीटर. आता नव्या विक्रमाला दर वेळी वेगळं बक्षीस मिळायचं, म्हणून तो मुद्दाम सेंटीमीटर-सेंटीमीटरने आडवी दांडी वर नेतो, असंही बोललं जायचं. असेल. धीर धरल्याचे पैसे मिळत असतील, तर कोण सोडेल?

योगायोग असा की आपल्या नीरज चोप्राच्याही वाट्याला २९ सेंटीमीटरच आले, फक्त त्यांची वाट पाहण्यात. २०२२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला त्याचा भाला ८९.९४ मीटरवर पडला. नव्वदला सहा सेंटीमीटर कमी. तेव्हापासून जो तो विचारू लागला, नव्वद कधी? मधल्या काळात त्याने २०२३ मध्ये ८८.१७ मीटर फेकून जगज्जेतेपद मिळवलं, जांघेच्या दुखण्याने त्याला सतावलं, तरी पॅरिसला ८९.४५ मीटरवर ऑलिंपिक रौप्य घेतलं. या वर्षांत त्याच्या सोबत होते क्लाउस बार्टोनिट्झ, शरीराच्या हालचालींच्या शास्त्रातले जाणकार. दुखऱ्या जांघेनिशी सहा सेंटीमीटरांसाठी पूर्ण जोर लावायचा की नाही, हा निर्णय नुसत्या मनगटाचा नव्हे.

शेवटी मे २०२५ मध्ये दोह्याला भाला ९०.२३ मीटरवर पडला, स्टॉकहोमपेक्षा २९ सेंटीमीटर पुढे. तोवर प्रशिक्षक बदलले होते. यान झेलेझ्नी आले होते, ज्यांचा १९९६ मधला ९८.४८ मीटरचा विश्वविक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही. आणि इतकं करून त्या दिवशी नीरज दुसराच आला. जर्मनीच्या युलियन वेबरने शेवटच्या फेकीत ९१.०६ मीटर गाठले.

आता पंचाण्णव कधी, असं विचारणारेही निघतीलच. बरं आहे, त्यांच्या हातात सरावाचं वेळापत्रक नसतं.