आमची वाटचाल : सात दारं आणि एक बिल

रविवारच्या पेपरातली नाटकाची जाहिरात बघा. लेखक, दिग्दर्शक, संगीत, प्रकाश, नेपथ्य, सगळी नावं ठळक. त्यांच्याखाली, चष्मा लावलात तर, 'नेपथ्य निर्मिती' दिसेल. ते आम्ही. नेपथ्यकार कागदावर काढतो, आम्ही उभं करतो. जाहिरातीत जागा कमी पडली की पहिली उडते ती आमचीच ओळ.

आमचे अण्णा गिरणीत सुतारखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप लागला. पण अण्णांच्या हातात करवत होती आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांच्या नाटकांचे सेट ते हौसेनं आधीपासूनच ठोकत होते. हौसेचं पोटापाण्याचं झालं. 1983 ला पेंटरमामांना भागीदार घेऊन लालबागला गाळा घेतला. मामा कोल्हापूरचे. बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले त्या गावचे, आणि हे ते दर दोन दिवसांनी ऐकवायचे. स्टोव्हवर डालड्याच्या डब्यात सरस वितळायचा, त्यात खडूची पूड, आणि तो हात मांजरपाटावर बसला की कापड ढोलकीसारखं वाजायचं. त्या सरसाच्या वासानं शेजारचा शिंपी गाळा सोडून गेला. मामा म्हणाले, "बरं झालं, आता फ्लॅट आडवे ठेवायला जागा." फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली सेटची भिंत.

1983 ते 1998 काम केलं, बहिणींची लग्नं झाली. पुढे चला.

1998 च्या पावसाळ्यात एक फार्स आला. नाटकाचं नाव घेत नाही, निर्मात्याचंही नाही. विषय नाटकवाल्यांचाच. एका नाटक कंपनीचा शुभारंभाचा प्रयोग, कुणाला संवाद आठवत नाहीत, कुणाला चक्कर येते, सेट पडतो. सेटला सात दारं, एक खिडकी. आता आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, फार्स हा दारांचा खेळ. 1933 ला नाट्यमन्वंतर या नाटक संस्थेनं पडदे बाजूला करून रंगमंचावर खऱ्या दारा-खिडक्यांची खोली उभी केली, त्याचं सगळे कौतुक करतात. पण दार अडकण्याची भीतीही त्याच दिवशी आली, हे कुणी लिहीत नाही. रंगवलेलं दार कधी अडत नाही.

शिवाय या नाटकात काही गोष्टी ठरवून मोडायच्या होत्या. दाराची मूठ नेमक्या वाक्याला हातात आली पाहिजे, भिंतीवरची तसबीर एका कोपऱ्यावर लोंबली पाहिजे. मजबूत सेट कुणीही करेल. रोज त्याच वेळी, तेवढाच मोडणारा आणि मध्यंतरात दोन मिनिटांत परत धड होणारा सेट करून दाखवा. मुठीचा खिळा मागून ओढायला आम्ही तंगूस वापरला. भाऊच्या धक्क्याजवळून आणलेला, मासेमारीचा धागा. लाइटात दिसत नाही आणि तुटत नाही.

शुभारंभाच्या दिवशी आधीचा प्रयोग लांबला. साडेआठच्या प्रयोगाला रंगमंच ताब्यात आला साडेसहाला. बाहेर धो धो. टेम्पोची ताडपत्री गळली आणि चौथ्या दाराची फळी ओली झाली. नायक आगीच्या बादलीसमोर उभा राहून बादलीलाच संवाद म्हणून दाखवत होता. निर्मात्याच्या बायकोनं सगळ्यांच्या हातावर दही-साखर ठेवली, माझ्या मात्र नाही, माझे हात रंगाचे होते. नारळ तिसऱ्या आपटीला फुटला. मामा माझ्या कानात म्हणाले, "दार बघ." मी बघितलं. चौकट एक सूत गुण्याबाहेर, म्हणजे काटकोनातून जराशी ढळलेली होती. जमीन त्या जागी खोल. खाली फाचर, म्हणजे लाकडी पाचर, मारायला वाकलो, तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

आणि नेमकं चौथं दार अडलं. नाटकातली नटी पहिल्या प्रयोगाच्या भीतीनं रंगमंचावर यायला घाबरते, असा तो प्रवेश. बाई मागून दार ओढतायत, दार येत नाही. त्या खरोखरीच्या ओरडल्या, "अहो, हे उघडत नाहीये!" लोकांना वाटलं संवादच आहे. नायक सोफ्यावर गार पडलेला, त्यानं घाबरून पहिल्या अंकातलं वाक्य परत म्हटलं. लोक आणखी हसले. शेवटी बाई निऱ्या वर खोचून, एका पायात चप्पल, खिडकीतून आल्या. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. दाराच्या मागच्या बाजूला पटाशी घेऊन मी. मला घाम, आणि पलीकडे टाळ्या.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक विंगेत सगळ्यांसमोर अण्णांना बोलला. अण्णा तेव्हा बासष्ट वर्षांचे. काय बोलला ते लिहीत नाही, माझी मुलं हे वाचतील. मॅनेजरनं तिथल्या तिथं बिलातून 3,200 रुपये कापले. "दार अडल्याबद्दल."

दुसऱ्या दिवशी सकाळी किराणावाल्याच्या फोनवर निरोप आला : ते दार तसंच राहू दे.

आता काय म्हणाल! दुसऱ्या प्रयोगापासून ते दार रोज अडायला हवं होतं, पण फक्त बाईंच्या त्याच प्रवेशाला. पुढच्या प्रवेशाला तेच दार वाऱ्यानं उघडावं तसं उघडायला हवं. मी आणि मामांनी रात्र जागून चौकटीच्या पोटात स्प्रिंगची कडी बसवली, तिला तंगूस बांधला, आणि आमचा एक पोरगा प्रत्येक प्रयोगाला फ्लॅटमागे उकिडवा बसला. त्याची नाईट, म्हणजे प्रयोगामागचे पैसे, मागितली तर उत्तर आलं, "दार अडकवायला वेगळा माणूस कशाला? तुमचं तसंही अडतं." त्याची नाईट आम्ही आमच्या खिशातून दिली. पेपरातल्या परीक्षणात त्या अडकलेल्या दाराचं कौतुक झालं. दिग्दर्शकाचं.

करी रोडच्या एका मंडळींनी ही गोष्ट बरोब्बर वापरली. कधीकाळी रंधा धरायला अण्णांकडेच शिकले होते. थिएटरबाहेरच्या चहाच्या टपरीवर निर्मात्यांना सांगत, "त्यांची दारं अडतात." तीन नाटकं गेली. पुढे त्याच फार्सचा दौऱ्याचा सेटसुद्धा त्यांनी केला. कडी आमची, जशीच्या तशी. फक्त तंगुसाऐवजी त्यांनी तार लावली. तार लाइटात चमकते. असो.

दीड वर्ष वाईट गेलं. गाळ्याचं भाडं आठ महिने थकलं, रंधा मशीन विकलं, वखारवाला नमस्कार घेईना. मामा डोळ्यांचं निमित्त करून कोल्हापूरला गेले. डोळे ठीक होते, आमच्यावर त्यांचा हिशेब चढू नये म्हणून गेले हे मला नंतर कळलं.

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक टिकलं. एका बँकेतले कॅशियर साहेब, हौशी संस्था चालवायचे, दर वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचे. टपरीवरची गोष्ट त्यांच्याही कानावर होती. आले, चप्पल बाहेर काढली, पाकीट अण्णांच्या हातात दिलं. नोटा कोऱ्या, मोजून, वर टाचणी. म्हणाले, "या वेळी दोन दारं आहेत. अडली तरी चालतील, आमच्या नटांना तेवढाच वेळ मिळेल." महिनाभरानं अण्णा पहिल्यांदा हसले. त्यांना शेवटपर्यंत 1998 चाच दर लावला. ते गेल्यावर त्यांच्या मुलालाही काही वर्षं लावला, मग बायकोनं वही बघितली.

त्यानंतरची वीस वर्षं बरी गेली. मार्च 2020 ला थिएटरं बंद झाली तेव्हा गाळ्यात चार नाटकांचे फ्लॅट उभे होते. मधे थोडे दिवस उघडली, परत बंद. 22 ऑक्टोबर 2021 ला निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाली, तोवर दोन सेट वाळवीनं खाल्ले होते.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांना, विचारलं नाहीत तरी सांगतो. टेम्पो हलण्याआधी निम्मे पैसे घ्या. रंगमंचाचं माप स्वतः घ्या, मॅनेजरच्या तोंडी मापावर जाऊ नका. मांजरपाट महाग झाला म्हणून दाराला सनबोर्ड लावू नका, आपटल्यावर पुठ्ठ्यासारखा आवाज येतो आणि नट कितीही चिडला तरी चिडलेला वाटत नाही. लोखंडी बिजागरीची पिन मेणबत्तीवर घासून घाला, तेल नको, तेलाला धूळ धरते. खिशात कमीत कमी वीस फाचरी ठेवा. आणि दुसऱ्या घंटेनंतर नटाशी बोलू नका. त्याला तुमचं नाव आठवत नसतं, स्वतःचंही नसतं.

मागच्या वर्षी त्या निर्मात्याचा मुलगा गाळ्यावर आला. तेच नाटक नव्या संचात काढायचंय. "काका, ते दार अडायचं ना, तस्संच पाहिजे. बाबा म्हणायचे ते तुम्हालाच जमतं." मी चहा मागवला. मग कपाट उघडून 1998 ची फाइल काढली आणि 3,200 चं बिल त्याच्यासमोर ठेवलं.

त्यानं बिलाचा मोबाइलवर फोटो काढला. बघतो म्हणाला.