कोणती लिस्प बसवू? तुम्ही विचारलंत म्हणून

"आमचं सॉफ्टवेअर सी++ मध्ये आहे. वापरणाऱ्यांना आपापले नियम लिहिता यावेत म्हणून आत एखादी लिस्प (कंसांमध्ये कोड लिहायच्या भाषांच्या कुटुंबातली एक) बसवायची आहे. कोणती घेऊ?" पत्रा कापायच्या ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मी लिहिते आणि त्यात स्कीम ही लिस्प बसवलेली आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो.

कंस बघून ग्राहक पळेल का, असंही लगेच विचारतात. नाही पळत. ड्रॉइंगच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोलिस्प ही लिस्प १९८६ पासून आहे. पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये असे ड्राफ्ट्समन भेटतात, ज्यांनी प्रोग्रॅमिंगचा एक क्लास केलेला नाही, पण स्वतःच्या कामापुरती ऑटोलिस्पची रुटीन हाताशी ठेवलेली असतात. त्या लोकांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

निवडताना बहुतेक जण भाषांचीच तुलना करत बसतात: मॅक्रो कसे आहेत, लायब्ररी किती, वेग किती. मी ते सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते ते तुमचं सी आणि आतली लिस्प जिथे एकमेकांना भेटतात तिथे काय होतं. मेमरी कोणाच्या ताब्यात राहते, एरर आली की ती कुठून कुठे उडी मारते, आणि सुरू झालेला कोड बाहेरून थांबवता येतो का.

मेमरीचं उदाहरण सांगते. ग्राहकाने एक लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, दिला: "लेयर बदलला की हे चालव." तुम्ही त्याचा पॉइंटर तुमच्या सी++ ऑब्जेक्टमध्ये ठेवून दिला. लिस्पच्या गार्बेज कलेक्टरला, म्हणजे न वापरलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या भागाला, तो दिसतो का? एस-सेव्हन ही स्कीम तुमच्याकडचे पॉइंटर आपणहून शोधत नाही. तो लॅम्डा तुम्ही तिच्याकडे राखायला द्यायचा, ती एक नंबर देते, आणि ऑब्जेक्ट संपला की तो नंबर परत करून लॅम्डा सोडून द्यायचा. हे राहिलं तर कोड लगेच पडत नाही, कारण नुकत्याच तयार झालेल्या काही वस्तू ती थोडा वेळ सांभाळते. पडतो तो नंतर, ग्राहकाकडे, मोठं ड्रॉइंग उघडल्यावर. गाइल ही दुसरी स्कीम तुमचा सी स्टॅक (चालू फंक्शनची मेमरी) स्वतः तपासते, त्यामुळे लोकल व्हेरिएबल सुरक्षित असतात. पण सी-सी++ च्या साध्या मॅलॉकने किंवा न्यूने मागून घेतलेली मेमरी तीही बघत नाही, म्हणजे आपला लॅम्डा तिथेही राखावाच लागतो. चिबी या तिसऱ्या स्कीममध्ये तर लोकल व्हेरिएबलसुद्धा मॅक्रो वापरून नोंदवायचे असतात. कष्ट जास्त, पण नियम स्वच्छ, आणि मला ते आवडतं.

एररचं दुखणं सी++ वाल्यांनाच जास्त. लिस्पमध्ये एरर आली की अंमलबजावणी लाँगजंप या सीच्या सोयीने मधल्या सगळ्या फंक्शनवरून उडी मारू शकते, आणि मग तुमचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आवराआवर करणारी फंक्शनं) चालत नाहीत. फाइल उघडी राहते, लॉक तसाच अडकतो. म्हणून लिस्पमधून बोलावल्या जाणाऱ्या प्रत्येक सी++ फंक्शनमध्ये माझा एकच शिरस्ता आहे: आधी आर्ग्युमेंट तपासायचे, एरर द्यायची असेल तर तिथेच द्यायची, आणि मगच काही उघडायचं.

थांबवण्याचा विचार फार कमी जण करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ग्राहक कधी ना कधी न संपणारा लूप लिहिणारच. त्या वेळी त्याचं न साठवलेलं काम वाचवणं ही आपली जबाबदारी आहे. एस-सेव्हनमध्ये बिगिन-हुक आहे: बिगिन ब्लॉक सुरू होताना ती तुमचं फंक्शन बोलावते, तिथून थांबायला सांगता येतं. ल्युआ या छोट्या स्क्रिप्टिंग भाषेत (ती लिस्प नव्हे) ठरावीक इन्स्ट्रक्शननंतर हुक बोलावता येतो. गाइलमध्ये सँडबॉक्स, म्हणजे कोड बंदिस्त चालवायची सोय, आहे, त्यात वेळेवर आणि मेमरीवर मर्यादा घालता येते.

तर माझं उत्तर: होस्ट, म्हणजे तुमचं मूळ सॉफ्टवेअर, सी किंवा सी++ मध्ये असेल आणि टीम लहान असेल, तर एस-सेव्हन. स्टॅनफर्डच्या संगीत-संशोधन केंद्रात, सीसीआरएमएमध्ये, बिल शॉटस्टेट यांनी ती लिहिली. गिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्ट-फू या सोयीमागे जी टायनीस्कीम आहे तिच्यातूनच ही निघाली. एक सी फाइल, एक हेडर. ती दोन्ही आपल्या कोडच्या रेपोमध्ये ठेवायची आणि आपल्या सवडीने बदलायची. लायसन्सची कटकट नाही. दोन डॉक्युमेंटला दोन वेगळे इंटरप्रीटरही देता येतात.

गाइल कधी? मोड्यूल, चांगला डीबगर, जेआयटी (चालताना कोड मशीन कोडमध्ये बदलणं) असं सगळं हवं असेल आणि तुमचं सॉफ्टवेअर मुख्यतः लिनक्सवर चालत असेल तेव्हा. जीडीबी या डीबगरमध्येही ती आहे. पण लिलीपाँडकडे बघून घ्या. संगीताची नोटेशन छापणारं हे सॉफ्टवेअर गाइलमध्ये खोलवर गुंतलेलं. गाइल २.० आली २०११ मध्ये, आणि लिलीपाँडची स्थिर आवृत्ती जुन्या १.८ वरून पुढे सरकली ती २०२२ मध्ये, तीही २.२ वर. तोवर गाइल स्वतः ३.० ला पोचली होती. इतकं घट्ट बांधून घ्यायचं असेल तर मनाची तयारी ठेवा.

प्रोग्रॅममध्ये ल्युआ आधीच असेल तर दुसरा इंटरप्रीटर आणूच नका, फेनेल ही लिस्प घ्या. तिचा कोड ल्युआमध्येच उतरतो. वर, ल्युआ सी++ म्हणून कंपाइल केली तर ती एररसाठी लाँगजंपऐवजी एक्सेप्शन वापरते, म्हणजे डिस्ट्रक्टरचा प्रश्नही सुटतो. लिस्पची दुसरी मोठी शाखा, कॉमन लिस्पच, हवी असेल तर ईसीएल, म्हणजे सी प्रोग्रॅममध्ये बसवता येणारी कॉमन लिस्प. सेजमॅथ हे गणिताचं सॉफ्टवेअर मॅक्सिमा हा बीजगणिताचा प्रोग्रॅम लायब्ररी म्हणून वापरतं ते तिच्याच जोरावर. जॅनेट ही लिस्पसारखी भाषा सुटसुटीत आहे, पण तिच्यात कॉन्स सेलची (एकमेकींना जोडलेल्या जोड्यांची, लिस्पची नेहमीची) यादी नाही, त्यामुळे स्कीमची पुस्तकं समोर ठेवून ग्राहकांना शिकवायचं असेल तर अडचण येते. आणि होस्ट जाव्हाचा असेल तर यातलं काहीच नको, जाव्हावर चालणारी कावा ही स्कीम बघा: गार्बेज कलेक्टर एकच, एक्सेप्शनही जाव्हाचेच.